आगरावरचं गोडं पाणी

ताप आला तेव्हा कुणाला विशेष काही वाटलं नाही. ऑक्टोबरची उन्हं, बालवाडीतली पोरं, एकाची शिंक दुसऱ्याच्या नाकात, ताप यायचाच. पण दुसऱ्या दिवशी अपूर्वच्या ओठांभोवती लालसर पुटकुळ्या दिसू लागल्या, मग गुडघ्यांवर, मग ढुंगणावर. चंद्रावतीने, म्हणजे मनस्वीच्या सासूने, नातवाकडे एकदाच निरखून पाहिलं, पायात चपला अडकवल्या आणि खाली जाऊन सोसायटीच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाची डहाळी मोडून आणली.

“कांजिन्या हायेत गो बाय,” डहाळी उशीखाली सारत ती म्हणाली. “आता आंघोल नाय घालायची. घरात फोडनी नाय द्यायची. नि फोनवर कोनाला आजारी हाय बोलू नको. पावनी आली हाय, बोलायचा.”

मनस्वीने मान हलवली. लग्न होऊन खांदा कॉलनीतल्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून तिने ही एक मान कमावली होती; होही नाही, नाहीही नाही, पाण्यावर पान हलावं तशी. ती आपटा गावची, पाताळगंगेच्या काठची. नदीकाठच्या माणसाला बरंच काही वाहून जाऊ द्यायची सवय असते. सासरची माणसं मिठागरातली. तिथे बांध घालून पाणी अडवावं लागतं, तेव्हा कुठे काही हाती लागतं.

पण संध्याकाळी ओल्या फडक्याने अपूर्वचे पाय पुसताना तिचा हात थबकला. तळपायांवरही ठिपके होते. लांबट, राखाडी, कडेने लाल. कातडीखाली कुणी साबुदाणा सरकवून ठेवावा तसे. तळहातांवरही तेच. तिने त्याचा शर्ट वर केला. पोट साफ, पाठ साफ. तिला स्वतःच्या कांजिण्या आठवल्या, शाळेत असतानाच्या. सगळं पोट, सगळी पाठ, अगदी केसांतसुद्धा, आणि खाज अशी की आई झोपताना हातांना मोजे बांधायची. अपूर्व एकदाही खाजवत नव्हता. तो फक्त जेवत नव्हता. वरणभाताचा घास तोंडाशी नेला की त्याचे डोळे भरायचे.

“आई, ह्या कांजिण्या नाही वाटत मला.”

“मग काय हाय?”

“तेच डॉक्टरांना विचारून येते.”

“जा. पर डहाली काडू नको.”

डहाळी मनस्वीने काढली नाही. तिचा वास तसा बरा होता.

हेतल डॉक्टरांनी हातात बॅटरी घेतली, वाघ कसा ओरडतो ते आधी स्वतः ओरडून दाखवलं, आणि अपूर्वने अर्धामुर्धा आ केला तेवढ्यात काय बघायचं ते बघून घेतलं. मग त्याचे तळहात उलटून पाहिले, तळपाय पाहिले.

“हात, पाय आणि तोंड,” त्या म्हणाल्या. “आजाराचं नावच ते आहे, हँड-फूट-माउथ. कांजिण्या नाहीत, गोवरही नाही. तळहात-तळपायांवर असे फोड आणि तोंडात व्रण म्हटलं की ओळख पटते. या महिन्यात रोज बघतेय मी. बालवाडीत कळवा आणि ताप जाऊन फोड सुकेपर्यंत त्याला पाठवू नका.”

“औषध काय देणार?”

“विषाणू आहे, आठ-दहा दिवसांत आपला आपण जातो. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तापाला आणि दुखण्याला सिरप लिहून देते, त्याच्या वजनाप्रमाणे. आंघोळ खुशाल घाला. फोड फोडायचे नाहीत. त्याचा टॉवेल, पेला वेगळा. आणि शी-शू धुतल्यावर, नाक पुसल्यावर घरातल्या सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, मोठ्यांनाही होतो हा.” मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “आता मुद्द्याचं. या फोडांना घाबरू नका. मूल पाणी सोडतं, त्याला घाबरा. तोंडात झोंबतं म्हणून पीत नाही आणि मग आतून सुकतं. थंड दूध, नारळपाणी, गार पेज, जे घेईल ते द्या. जेवला नाही तरी चालेल. पाणी सुटता कामा नये. आंबट, तिखट, खारट, गरम, काही काही नको.”

“आणि आईस्क्रीम?” अपूर्वने ओठ न हलवता विचारलं.

“आईस्क्रीम तर औषधच,” डॉक्टर म्हणाल्या. त्यावर तो हसला; त्यानंतर बराच वेळ ते हसू दिसलं नाही.

घरी येऊन मनस्वीने सासूला सगळं सांगितलं. आंघोळीचं सांगितलं तेव्हा चंद्रावतीच्या भुवया वर गेल्या. साबणाचं सांगितलं तेव्हा तिने लगेच जाऊन हात धुतले, कारण स्वच्छतेत तिला कुणी मागे टाकलेलं तिला खपत नसे. आंबट नको, तिखट नको, गरम नको. खारट मात्र सांगायचं राहिलं. का राहिलं, ते मनस्वीला तेव्हा कळलं नाही. त्या घरात मिठाला नको म्हणायला जीभ पटकन वळत नाही, एवढंच.

कारण स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात, ती बरणी होती. चिनीमातीची, झाकणाला फडकं बांधलेली. तिच्यात घरच्या आगराचं शेवटचं मीठ होतं. आगर गेलं, त्यावर भराव पडला, खाडीच्या वाऱ्याची दिशासुद्धा बदलली असं चंद्रावती म्हणायची. पण त्या शेवटच्या हंगामाचं जाडं, करडं मीठ तिने राखून ठेवलं होतं. ते जेवणात पडत नसे. घसा धरला की त्या मिठाच्या गुळण्या. दाढ दुखली की ते मीठ. पायात खिळा गेला, पोर दचकलं, कुणाची नजर लागली, तरी तेच. हरेश, तिचा मुलगा, लहानपणी तापाने फणफणला तेव्हा त्याच मिठाच्या पाण्याने त्याचं अंग पुसून तिने त्याला माणसात आणलं होतं. निदान ती तरी तसं सांगायची, आणि सांगताना बरणीवरून हात फिरवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनस्वी आंघोळीला गेली होती. जागरणाने तिचं डोकं कापसाचं झालेलं. अंगावर पाणी पडत होतं ते दुसऱ्याच कुणाच्या अंगावर पडतंय असं वाटत होतं. आणि त्या कापसातून एक किंकाळी आत आली.

ती तशीच ओल्या केसांनी बाहेर धावली. अपूर्व पलंगावर ताठ उभा होता, दोन्ही हात तोंडावर, आणि त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. खाली फरशीवर त्याचा हत्तीचा पिवळा पेला लोळत होता. चंद्रावती शेजारी उभी, हात तसेच पुढे केलेले.

“काय झालं? काय दिलंत त्याला?”

“गुलनी करायला दिला. जरासा मीठ टाकून. तोंड आला की आमी...” तिने फरशीवरच्या पेल्याकडे बघितलं. “त्यानं तं प्यालाच गो. तहान लागली व्हती पोराला. माज्या हातान दिला म्हनून गटकन प्याला.”

मनस्वीने नको ते बोलून टाकलं. “त्या मिठाने अजून काय काय करायचं आहे, आई? सगळं मिठानेच बरं होतं का?” असं. ओरडून नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.  चंद्रावतीने पेला उचलला, फरशी पुसली, मग स्टूल ओढून बरणी माळ्यावर ठेवली, सामानाच्या पार मागे, आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

अपूर्वने मात्र त्या क्षणी ओठ मिटले ते मिटलेच.

थंड दूध आणलं, त्याने मान फिरवली. नारळपाणी चमच्यातून आणलं, त्याने चमचा उडवला. आईस्क्रीमचा कप समोर धरला. त्याने तो बघितला, आजीकडे बघितलं, आणि पांघरूण डोक्यावर ओढलं. औषध पाजताना दोघींनी धरलं तर निम्मं उशीवर गेलं. स्वतःची लाळही तो गिळत नव्हता. ती कोपऱ्यातून गळायची. पेला दिसला की तो भिंतीकडे सरकायचा, आणि कुठला पेला, कुणाच्या हातातला, हे आता त्याला वेगळं करता येत नव्हतं. तहानेने त्याचे ओठ सालपटले होते. चार वर्षांच्या जिवाने पाण्याशी कट्टी घेतली होती.

मनस्वीने डॉक्टरांना फोन लावला.

“शेवटची शू कधी केली?”

“पहाटे. थोडीशीच.”

“थोडं थोडं, चमचा चमचा प्रयत्न करत राहा. जबरदस्ती नको, तो आणखी बिथरेल. पण संध्याकाळपर्यंत शू झाली नाही तर घेऊन या, सलाईन लावावं लागेल. आणि मलूल पडला, उलट्या झाल्या, झोपेत सारखा दचकायला लागला, तर संध्याकाळची वाट बघू नका. लगेच.”

हरेशचा फोन आला तो पळस्प्याहून. त्याचा ट्रेलर तिथे वाहनांच्या रांगेत अडकला होता. “येऊ का मी? गाडी इथेच टाकून येतो.”

“गाडी रस्त्यात टाकून?”

“रस्ता तसाही हलत नाय. प्याला का काय तरी?”

“नाही.”

पलीकडे हॉर्न वाजत राहिले. “आय काय करते?”

“हात धुतायत,” मनस्वी म्हणाली.

दुपार झाली. खिडकीवरून विमान गेलं, खाली उतरणारं, आणि त्याची सावली पडद्यावरून सरकली. एरवी अपूर्व प्रत्येक विमानाला टाटा करायचा. आज त्याने नुसते डोळे फिरवले. मनस्वी त्याच्या शेजारी आडवी झाली, त्याचा तापलेला तळवा आपल्या तळव्यावर ठेवून. ठिपके तिला बोटांनी लागत होते. मी जागीच आहे, ती स्वतःला सांगत होती, मी जागीच आहे.

मग पाताळगंगा आली. दाराखालून आली, आवाज न करता, आपट्याच्या घाटावर यायची तशी हिरवट आणि गार. फरशी बुडाली, खेळण्यातला ट्रक तरंगू लागला, पलंगाचे पाय बुडाले. मनस्वीने ओंजळ भरून घेतली. अपूर्वला पाजायला वळली तर ओंजळ रिकामी. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी. बोटांच्या फटींतून नदी आपली निघून जात होती, तिला सवयच ती. पलीकडच्या काठावर सगळं पांढरं होतं. पांढरे बांध, पांढरे ढीग, आणि त्या पांढऱ्यातून एक बाई चालत येत होती, कासोटा घातलेली, डोक्यावर मडकं. मडक्यातलं पाणी डचमळत होतं, पण बाहेर पडत नव्हतं. ती बाई काही तरी बोलत होती. मनस्वीला शब्द लागत नव्हते, फक्त लय. मग हळूहळू शब्दही लागू लागले, आणि ते या खोलीतलेच होते.

“...तं आगरावर काय व्हायचा, सोन्या, सगल्यांचे हात खारे. बोटा खारी, तलवे खारे, पदर खारा. नि ऊन कसा? या पंख्याखाली बसून तुला नाय कलायचा. तहान लागली का गोडा पानी पायजे. मग कसा प्यायचा? सोताच्या हातानं प्यायला गेला का हातांचा मीठ तोंडात! थू!”

मनस्वीने डोळे किलकिले केले. पलंग रिकामा होता.  मग तिला ती दोघं दिसली. चंद्रावती खाली फरशीवर बसली होती, तिच्यासमोर टॉवेलवर अपूर्व, नुसत्या चड्डीवर. मधे परात, परातीत बर्फाचे दोन तुकडे टाकलेलं पाणी, एक तांब्या आणि देवघरातली पळी. पेला कुठेच नव्हता.

“म्हनून आगरावर कोन सोताच्या हातानं पानी पीत नाय,” चंद्रावती सांगत होती. “तू मना पाजायचा, मी तुला. वरनं. तांब्या तोंडाला नाय लावायचा. ज्याला जास्त तहान त्यानं आदी दुसऱ्याला पाजायचा, असा कायदा. तुजे आजोबा मना पाजायचे. मुद्दाम नाकावर ओतायचे, मेला मानूस.”

अपूर्वच्या डोळ्यांत काही तरी हललं.

“आता मना तहान लागली,” चंद्रावती म्हणाली. “पर माजे हात बघ. खारे.” तिने तळहात पुढे केले. साबणाने धुवून धुवून ते सुरकुतले होते, पांढरे पडले होते. “कोन पाजील मना?”

अपूर्वने तांब्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं, आईकडे बघितलं. मनस्वीने डोळे मिटून घेतले. मग तिला तांब्या परातीत बुडाल्याचा आवाज आला. तिने पुन्हा पापणी उचलली तेव्हा तो दोन्ही हातांनी तांब्या धरून उभा होता आणि चंद्रावतीने मान मागे टाकून आ केला होता. पाणी तोंडात कमी आणि गळ्यावर, ब्लाउजवर, मांडीवर जास्त पडलं. ती ठसकली. नाकातून पाणी आलं. अपूर्वचे गाल हसायला वर गेले, तोंडात दुखलं तसे पटकन खाली आले.

“अगदी आजावर गेलाय!” ती तोंड पुसत म्हणाली. “गोडा हाय रे पानी. थंड. आजून एक.”

त्याने आणखी पाजलं. मग आणखी. चंद्रावती पीत राहिली. तिने एकदाही त्याला विचारलं नाही की तू पितोस का. मनस्वीला उठून विचारावंसं वाटत होतं, आता बाळा तू, एकच घोट, आईसाठी. ती जीभ दाताखाली धरून पडून राहिली. घड्याळाकडे तिला बघवत नव्हतं.

“पुरे, पोट फुटंल माजा,” शेवटी चंद्रावती म्हणाली, आणि नुसती बसली.

अपूर्वने परातीत एक बोट बुडवलं. ते बोट त्याने वर धरलं, त्याचा थेंब बघितला. जिभेचं अगदी टोक बाहेर काढून त्याला लावलं. आणि वाट बघितली. मनस्वीने आयुष्यात एवढी वाट कुणाचीच बघितली नव्हती. झोंबलं नाही. त्याने पुन्हा बोट बुडवलं.

मग त्याने आपले हात पोटाला पुसले आणि पुढे केले. “खारे,” तो पुटपुटला.

चंद्रावतीचा हात पळीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. “मनस्वी,” तिने मागे न बघता हाक मारली, म्हणजे तिला केव्हाचं माहीत होतं ही जागी आहे ते. “ये गो. तू पाज. माज्या हातान नको.”

मनस्वी उतरली, पळी हातात घेतली. अपूर्वने डोकं हलवलं. नाही. त्याने ओठ मिटले, आणि तो ठिपक्यांचा, गरम, इवलासा हात उचलून आजीकडे केला.

“आज्जी.”

चंद्रावतीने पळी घेतली. तिने ती दोन्ही हातांनी धरली. ताठ बसलेल्या नातवाच्या तोंडात तिने वरून थेंब सोडला. मग बारीक धार. थांबली. त्याच्या गळ्याची घाटी वर झाली, खाली झाली. मनस्वीने तो गिळल्याचा आवाज ऐकला, इतकी ती खोली शांत होती.

“आजून,” अपूर्व म्हणाला.

मग आजीला एक तांब्या, त्याला एक पळी. आजीला एक तांब्या, त्याला दोन पळ्या, असा तो कायदा वाकत गेला. पाण्यानंतर दूध गेलं, तेही पळीनेच, तेही आजीला आधी. टॉवेल भिजला, चंद्रावती कमरेपर्यंत भिजली. दुखण्याचं औषध त्याने पळीतून घेतलं आणि तोंड वाकडं करून सांगितलं, “हे गोडं नाय.”

तो झोपल्यावर दोघी ओल्या फरशीवर बसून राहिल्या.

“आई,” मनस्वी म्हणाली, “डॉक्टरांनी खारटही नको म्हणून सांगितलं होतं. मी तुम्हाला तेवढंच सांगायला विसरले.”

चंद्रावती पदर पिळत होती. “इसरलीस, का सोडलास?”

 मनस्वीने ती आपली मानही हलवली नाही.

“बोलायचा व्हता,” सासू म्हणाली. “मीठ माजा हाय. नातू पन माजाच हाय ना?”

उन्हं खिडकीच्या खालच्या कडेला आली. मनस्वीने दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. फाईल, कपडे, हत्तीचा पेला. ती पाच-पाच मिनिटांनी अपूर्वच्या कपाळाला हात लावत होती. ताप थोडा उतरला होता, श्वास शांत होता. पण चड्डी कोरडी होती. तिने हरेशला लिहिलं, प्याला, अजून शू नाही. हरेशने उलट काहीच लिहिलं नाही, म्हणजे रस्ता हलला असावा आणि तो गाडी चालवत असावा.

दिवे लागायच्या वेळी अपूर्व उठून बसला. केस उभे, डोळे अजून कुठल्या तरी दूरच्या गावी. त्याने आईकडे बघितलं, खाली बघितलं आणि रडवेला झाला. गादीवर एक डाग पसरत होता. मोठा, ऐसपैस, थांबायचं नाव न घेणारा.

“आई, गादी...”

मनस्वीने त्याला तसाच उचलून घेतला, ओल्या चड्डीसकट, छातीशी. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिला कळत नव्हतं. चंद्रावती पोळपाटावरून पिठाच्या हातांनी धावत आली, गादी बघितली आणि टाळी वाजवली, तसं सगळीकडे पीठ उडालं.

“भरती आली गो बाय! भरती आली!”

त्याच वेळी हरेश दारात उभा राहिला, घामाने निथळत, एका हातात शहाळी, दुसऱ्या हातात वितळलेल्या आईस्क्रीमची पिशवी. ओल्या गादीभोवती नाचणारी आपली आई आणि रडणारी आपली बायको त्याने आळीपाळीने बघितली.

“नक्की काय झालाय?” त्याने विचारलं. “मी हसू का रडू?”

“आदी हात धू,” चंद्रावती म्हणाली.

फोड सुकले, तळहातांची सालं निघाली, बालवाडी सुरू झाली. हिवाळा लागता लागता अपूर्वचं एक नख मुळापासून सुटून आलं, मग दुसरं. मनस्वी घाबरली नाही, डॉक्टरांनी तसं होऊ शकतं म्हणून सांगून ठेवलं होतं. खाली नवं नख येतच होतं, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं गुलाबी. जेवताना तो आता सगळ्यांना तांब्याने पाजतो. पाहुणेही सुटत नाहीत. एकदा असंच मनस्वीच्या तोंडात धार धरताना त्याच्या अंगठ्याचं सुटत आलेलं नख गळून ताटात पडलं, पातळ, पांढरं. त्याने ते तळहातावर घेतलं आणि आजीला दाखवलं.

“आज्जी, मीठ पिकलं.”

चंद्रावतीने ते चिमटीत उचललं, उजेडात धरलं, आणि मनस्वीकडे बघितलं.

“बरनीत टाकू का गो?”

मनस्वी उठली, स्टूल ओढलं, आणि माळ्यावरच्या सामानाच्या पार मागे हात घातला.